बिग मॅनची बचावातली उणीव: ती कुठे खपते आणि कुठे महाग पडते

‘खेळाडू चांगला आहे, पण बचावात कच्चा आहे.’ बास्केटबॉलमधल्या बिग मॅनबद्दल, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या उंच सेंटर किंवा फॉरवर्डबद्दल, हे वाक्य एकदा उच्चारलं गेलं की चर्चा तिथेच संपते. लाइनअप, म्हणजे मैदानावर उतरणारे पाच जण, ठरवणाऱ्याला मात्र त्यातून काहीच हाती लागत नाही. कच्चा म्हणजे कुठे? रिंगखाली, की तीन गुणांच्या रेषेजवळ? चेंडू अंगावर आल्यावर, की चेंडू पलीकडे असताना? आणि तो जिथे कमी पडतो तिथे धावून जायला कोण आहे?

बिग मॅनच्या उणिवेचा भार नेहमी उरलेल्या चौघांपैकी कोणावर तरी पडतो. तो भार कोण उचलतो आणि उचलताना काय गमावतो, यावर त्या खेळाडूची लाइनअपमधली जागा आणि किंमत ठरते. म्हणून ‘हा बचावात किती वाईट’ या प्रश्नापेक्षा ‘याच्यासाठी बाकीच्यांना काय करावं लागतं’ हा प्रश्न मला जास्त कामाचा वाटतो. संघ बांधणारे, सामन्यांचे व्हिडिओ अभ्यासणारे आणि खेळ मनापासून पाहणारे अशा सगळ्यांना वापरता येईल अशा क्रमाने ही तपासणी इथे मांडली आहे. उदाहरणं बहुतेक एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधली आहेत, कारण ते सामने शोधून पाहणं सोपं आहे.

पायरी 1: उणीव सुटी करून पाहा

बिग मॅनच्या बचावात पाच वेगवेगळी कामं असतात: रिंगचं रक्षण, मोकळ्या जागेत पावलं हलवणं, अंगाची ताकद आणि रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं), खेळ वाचणं, आणि फाउल न करता टिकणं. एकात कमी असलेला दुसऱ्यात उत्तम असू शकतो. सगळं एकाच शब्दात गुंडाळलं की पुढचे सगळे निर्णय चुकतात.

रिंगच्या रक्षणाचा अंदाज ब्लॉकच्या आकड्यावरून घेऊ नका. प्रत्येक शॉटवर उडी मारणाऱ्याला ब्लॉक मिळतात, पण तो हवेत असताना त्याच्या मागे सोपा पास जातो. त्याऐवजी दोन गोष्टी पाहा. तो मैदानावर असताना प्रतिस्पर्धी रिंगपर्यंत येण्याचं धाडस किती वेळा करतात, आणि आल्यावर त्यांचे किती शॉट पडतात. इंडियानाचा सेंटर रॉय हिबर्टने हात सरळ वर ठेवून, अंग मागे न झुकवता उभं राहण्याचं तंत्र गाजवलं. त्यातल्या बऱ्याच शॉटवर ब्लॉकची नोंद होत नसे, पण शॉट बिघडत असे.

मोकळ्या जागेतली हालचाल पाहताना नजर खेळाडूच्या कमरेवर ठेवा. समोरच्या गार्डने, म्हणजे चेंडू हाताळणाऱ्या बाहेरच्या खेळाडूने, दिशा बदलली की कमर कधी वळते? बाजूला सरकण्याची पहिली दोन पावलं त्याला मिळतात का, की पहिल्याच पावलाला तो वळून मागे धावू लागतो? दोन पावलं मिळाली तरी पुष्कळ झालं, कारण तेवढ्या वेळात मदत पोहोचते.

रिबाउंडचं वैयक्तिक खातं थोडं फसवं असतं. स्वतः चेंडू न पकडता दोघांना अडवून धरणारा सेंटर संघाला रिबाउंड मिळवून देतो. तेव्हा तो मैदानावर असताना संपूर्ण संघाला प्रतिस्पर्ध्याच्या चुकलेल्या शॉटपैकी किती मिळतात, ते पाहा. बचाव चेंडू हातात आल्यावरच पूर्ण होतो, त्यामुळे हे काम गौण समजू नये.

चौथं काम वाचण्याचं. हे सगळ्यात कमी पाहिलं जातं आणि माझ्या अनुभवात निकाल यावरच फिरतो. पास सुटण्याआधी खेळाडूचे पाय कुठल्या दिशेला आहेत? दुसऱ्या बाजूला स्क्रीन (सहकाऱ्यासाठी बचावपटूची वाट अंगाने अडवणं) लागतेय हे तो ओरडून सांगतो का? चेंडू त्याच्या कोपऱ्याकडे येण्याआधी तो एक पाऊल पेंटमध्ये, म्हणजे रिंगसमोरच्या रंगवलेल्या चौकोनात, सरकलाय का? मंद पण वेळेवर निघणारा सेंटर रिंगजवळ पोहोचलेला असतो. उंच, चपळ पण अर्धा सेकंद उशिरा निघणारा सेंटर फाउल करतो किंवा छायाचित्रात शोभून दिसतो. पाय मंद असलेल्या खेळाडूभोवती योजना आखता येते. उशिरा वाचणाऱ्याभोवती आखणं फार अवघड, कारण तो कधी कुठे असेल हे त्याच्या सहकाऱ्यांनाच ठाऊक नसतं.

फाउलचं गणित सरळ आहे. एनबीएमध्ये 48 मिनिटांत 6, फीबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांत 40 मिनिटांत 5 फाउल झाले की खेळाडू बाहेर. पहिल्या अर्ध्यातच तिसरा फाउल घेणारा रक्षक कितीही भक्कम असला तरी बाकावर बसून रिंग राखता येत नाही.

व्हिडिओ पाहण्याची माझी पद्धत अशी: एकच सामना दोनदा पाहायचा. पहिल्यांदा फक्त ते डाव, ज्यात त्याच्या माणसाने स्क्रीन लावली. दुसऱ्यांदा फक्त ते, ज्यात तो चेंडूपासून दूर होता. प्रत्येक डावात चार गोष्टी लिहायच्या: स्क्रीन लागली तेव्हा त्याचे पाय कुठे होते, पहिलं पाऊल कुठे पडलं, मदतीला कोण आलं आणि शेवटी शॉट कोणत्या जातीचा निघाला. शॉट पडला की चुकला हे लिहायचंच नाही. ते लिहिलं की मन आपोआप पडलेल्या शॉटला वाईट बचाव आणि चुकलेल्या शॉटला चांगला बचाव म्हणू लागतं.

पायरी 2: कोणती कव्हरेज त्याला झेपते?

पिक अँड रोलवर, म्हणजे समोरचा एक खेळाडू चेंडूवाल्यासाठी स्क्रीन लावून मग रिंगकडे धावतो (रोल) तेव्हा, बिग मॅन काय करतो यावर संघाचा अर्धा बचाव उभा असतो. प्रत्येक कव्हरेज, म्हणजे त्या वेळी बचाव करण्याची ठरलेली रीत, त्याच्याकडून काही मागते, आणि त्याच्या जोडीदार गार्डकडूनही काही मागते. दुसरा भाग लोक विसरतात.

ड्रॉपमध्ये सेंटर स्क्रीनच्या मागे, पेंटकडे सरकून थांबतो. रिंग आणि रोल करणारा माणूस दोन्ही समोर ठेवतो, आणि गार्डला मधल्या अंतरावरचा शॉट देऊ करतो. यामागचं गणित साधं आहे. मधल्या अंतरावरून साधारण 40 टक्के शॉट पडतात असं धरलं तर एका प्रयत्नाला 0.8 गुण. रिंगजवळून 65 टक्के धरले तर 1.3 गुण. तीन गुणांच्या रेषेबाहेरून 36 टक्के धरले तर 1.08. म्हणजे ड्रॉप खेळणारा संघ 0.8 देऊन 1.3 वाचवतो. हा व्यवहार फायद्याचाच आहे, आणि मंद पावलांचा पण उंच, शिस्तीचा सेंटर यात वर्षानुवर्षं टिकतो. मिलवॉकीचा ब्रूक लोपेझ कधीच वेगवान नव्हता, तरी 2023 मध्ये, 35 वर्षांचा असताना, सर्वोत्तम बचावपटूच्या मतदानात तो दुसरा आला.

पण व्यवहार दोन ठिकाणी बिघडतो. समोरचा गार्ड स्क्रीनवरून थेट तीन गुणांचा शॉट मारणारा असेल, तर आपण 0.8 ऐवजी 1.1 च्या आसपास देऊन बसतो. आणि स्क्रीन लावणारा रोल न करता बाहेर थांबून शॉट मारणारा असेल, तर पेंटमध्ये थांबलेला सेंटर कोणालाच राखत नसतो. 2014 च्या प्लेऑफमध्ये (नियमित हंगामानंतरच्या बाद फेरीत) आठव्या क्रमांकाच्या अटलांटाने हेच केलं. त्यांचा सेंटर पेरो आंतिच रेषेबाहेर उभा राही, हिबर्टला पेंट सोडून यावं लागे, आणि पहिल्या क्रमांकाच्या इंडियानाला ती मालिका सातव्या सामन्यापर्यंत लढावी लागली.

ड्रॉप गार्डकडून काय मागतो? स्क्रीनला चिकटून वरून निघणं आणि मागून शॉटला हात लावत राहणं. गार्ड स्क्रीनवर अडकून पडला तर सेंटर एकटाच दोघांसमोर उरतो. लोपेझपुढे आधी एरिक ब्लेडसो आणि 2020 नंतर ड्रू हॉलिडे होता. दोघेही स्क्रीनमधून वाट काढण्यात पटाईत. शिवाय मागून यानिस आंतेतोकुन्पो झेपावत येई. तोच लोपेझ स्क्रीनवर अडकणाऱ्या गार्डांमागे उभा केला असता, तर त्याच्याबद्दल लोकांचं मत वेगळं झालं असतं याची मला खात्री आहे.

स्क्रीनच्या पातळीवर येऊन उभं राहणं किंवा हेज करून (चेंडूवाल्याची वाट क्षणभर अडवून) परत फिरणं हा दुसरा मार्ग. इथे उंचीपेक्षा हात आणि वेळ महत्त्वाची. निकोला योकिच हे याचं उत्तम उदाहरण. त्याची उडी कमी आणि धाव मध्यम, पण हात इतके जलद की पास जाण्याच्या वाटेवर तो चेंडूला बोट लावतो. डेन्व्हर त्याला अनेकदा वर आणतं. तो वर आला की मागे रिंग उघडी पडते, आणि ती झाकण्याची जबाबदारी दुसऱ्या बाजूच्या खालच्या माणसावर येते. त्या माणसाची गोष्ट पुढच्या पायरीत.

ब्लिट्झ म्हणजे दोघांनी चेंडूवाल्यावर तुटून पडणं. मागे तिघांना चौघांविरुद्ध खेळावं लागतं, त्यामुळे मागचे तिघे हुशार नसतील तर सेंटर कितीही चपळ असो, उपयोग नाही. स्विचमध्ये सेंटर गार्डवर जातो आणि गार्ड सेंटरवर. बॅम ॲडेबायोसारख्या चपळ सेंटरला हे सहज जमतं, म्हणून तो जवळजवळ कुठल्याही लाइनअपमध्ये बसतो. ज्याला जमत नाही त्याला शेवटच्या दोन मिनिटांत नेमकं तिथेच ओढलं जातं. 2024 च्या पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेत दुसऱ्या सामन्यात मिनेसोटा 108-106 ने पुढे होतं. स्विचनंतर डॅलसच्या लुका डॉन्चिचसमोर रुडी गोबेअर आला. डॉन्चिच आत घुसण्याचा आव आणून मागे सरला आणि तीन गुणांचा शॉट टाकला: 109-108. त्याच वर्षी गोबेअरला सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार चौथ्यांदा मिळाला होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्याची किंमत ठरवताना दोन्ही हिशेबात घ्याव्या लागतात.

या पायरीच्या शेवटी एक ओळ लिहा: याची मुख्य कव्हरेज कोणती, आणि ती मोडली तर दुसरी कोणती? ज्याच्याकडे दुसरी नाही, त्याची नियमित हंगामातली कामगिरी प्लेऑफच्या अंदाजात थोडी कमी धरा.

पायरी 3: बाकीचे चौघे

कार्ल-अँथनी टाउन्स हा या विषयासाठी मिळालेला सर्वात स्वच्छ पुरावा आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

2022 मध्ये मिनेसोटाने गोबेअरला आणलं आणि टाउन्सला पॉवर फॉरवर्ड केलं. 2023-24 मध्ये त्यांचा बचाव लीगमध्ये पहिला होता. त्या वसंतात दुसऱ्या फेरीत समोर गतविजेतं डेन्व्हर आलं. योकिचला अंगावर घेण्याचं काम मुख्यतः टाउन्सला आणि बाकावरून येणाऱ्या नाझ रीडला दिलं गेलं. गोबेअर डेन्व्हरच्या ॲरन गॉर्डनवर राहिला, म्हणजे खरं तर मागे मोकळा राहून रिंग राखत बसला. टाउन्सकडे ताकद आहे, उंची आहे. छातीला छाती लावून ढकलण्याचं काम त्याला येतं, आणि मागे गोबेअर असल्यामुळे चूक झाली तरी ती झाकली जात होती. मिनेसोटाने ती मालिका सातव्या सामन्यात जिंकली.

2024 च्याच ऑक्टोबरच्या सुरुवातीला टाउन्स न्यूयॉर्कला गेला आणि सेंटर म्हणून उभा राहिला. आता मागे गोबेअर नव्हता आणि पुढे जेलन ब्रन्सन होता. ब्रन्सन अप्रतिम आक्रमक गार्ड, पण उंचीने लहान. प्रतिस्पर्ध्यांना फार शोधावं लागलं नाही. ब्रन्सनच्या माणसाने चेंडू घ्यायचा आणि टाउन्सच्या माणसाने स्क्रीन लावायची, की दोन्ही उणिवा एकाच डावात समोर येत. 2025 मध्ये इंडियानाविरुद्धच्या पूर्व विभागाच्या अंतिम मालिकेत पहिले दोन सामने घरच्या मैदानावर गमावल्यावर न्यूयॉर्कने तिसऱ्या सामन्यात जोश हार्टला बाकावर ठेवून मिचेल रॉबिन्सनला सुरुवातीपासून खेळवलं. म्हणजे पुन्हा टाउन्सशेजारी रिंग राखणारा दुसरा माणूस. तो सामना न्यूयॉर्कने जिंकला, मालिका मात्र 4-2 ने गेली.

खेळाडू तोच. त्याची पावलं, उंची, हात काही बदललं नव्हतं. बदलले ते शेजारी, आणि त्याबरोबर त्याच्या उणिवेची किंमत.

यावरून मी पाळतो तो नियम: पाचांत एकाला झाकता येतं. दोघांना झाकायची वेळ आली, आणि ते दोघे गार्ड आणि सेंटर असतील, तर ती लाइनअप मोठ्या सामन्याच्या शेवटी खेळवू नये. कमजोर विंगला (बाजूने खेळणाऱ्या मधल्या उंचीच्या खेळाडूला) कोपऱ्यातल्या कमी महत्त्वाच्या माणसावर ठेवून बराच वेळ डावातून बाहेर ठेवता येतं. गार्ड आणि सेंटर मात्र पिक अँड रोलमध्ये नेहमीच एकत्र सापडतात. त्यांना लपवायला जागाच नाही.

आता खालचा माणूस. सेंटर वर गेला की दुसऱ्या बाजूचा, रिंगच्या सर्वात जवळचा बचावपटू रोल करणाऱ्याला अंगावर घेतो आणि पास बाहेर गेला की परत आपल्या माणसाकडे धावतो. योकिचच्या उणिवेचा भार इथे उचलला जातो. डेन्व्हरने 2021 च्या मार्चमध्ये गॉर्डनला आणि 2022 मध्ये केंटेव्हियस कॉल्डवेल-पोपला आणलं. एक खाली येऊन रिंग राखणारा, दुसरा पुढे स्क्रीनमधून निघणारा. 2023 च्या प्लेऑफमध्ये त्यांनी 16 सामने जिंकले, 4 हरले आणि विजेतेपद घेतलं. योकिचची किंमत ठरवताना लोक त्याचे स्वतःचे आकडे मोजतात. मी त्यात हेही धरतो की त्याला पूरक बचावपटू तुलनेने सहज मिळतात, कारण त्याच्या पासिंगमुळे शॉटमध्ये साधारण असलेला बचावपटूसुद्धा आक्रमणात निभावून नेतो. गॉर्डन त्याच्यासोबत कट मारून (चेंडूशिवाय रिंगकडे झपाट्याने धावून) गुण मिळवतो. दुसऱ्या सेंटरसोबत तोच गॉर्डन आक्रमणात जागा अडवेल.

लाइनअप तपासताना म्हणून तीन नावं लिहून काढा. स्क्रीनवरून निघणारा कोण? खालचा माणूस कोण? सेंटर बाहेर ओढला गेला तर रिबाउंड कोण घेणार? तिन्हीसमोर एकच नाव येत असेल तर त्या एका खेळाडूच्या दमण्यावर सगळं अवलंबून आहे.

पायरी 4: त्याला कोणावर ठेवायचं

सेंटरने सेंटरलाच राखलं पाहिजे असा काही कायदा नाही. बोस्टनने 2021-22 मध्ये अल हॉरफर्डला समोरच्या मुख्य बिग मॅनवर ठेवलं आणि रॉबर्ट विल्यम्सला कोपऱ्यातल्या सर्वात कमजोर शूटरवर. विल्यम्स त्या माणसाला जवळजवळ सोडून रिंगभोवती फिरत राही आणि कुठूनही येऊन ब्लॉक करी. 2024 च्या अंतिम मालिकेत त्यांनी जेसन टेटमला डॅलसच्या सेंटरांवर ठेवलं, म्हणजे डॉन्चिचच्या पिक अँड रोलमध्ये बोस्टनचा सेंटर येतच नव्हता; येत होता तो सहज स्विच करणारा टेटम. त्याआधी 2015 मध्ये गोल्डन स्टेटने अँड्र्यू बोगटला मेम्फिसच्या टोनी ॲलनवर ठेवलं आणि ॲलनला बाहेर मोकळं सोडून दिलं. ॲलन उत्कृष्ट बचावपटू, पण त्याच्या शॉटची भीती नव्हती. बोगटला पेंट सोडावाच लागला नाही.

ही युक्ती किती चालेल हे मात्र समोरचा संघ ठरवतो. त्यांच्या पाचांत एक तरी बाहेरून शॉट न मारणारा हवा. 2021 मध्ये क्लिपर्सने युटाविरुद्ध निकोला बातूमसारख्या फॉरवर्डला सेंटरच्या जागी खेळवून पाचही शूटर मैदानात उतरवले. सहाव्या सामन्यात युटा तिसऱ्या क्वार्टरमध्ये 25 गुणांनी पुढे होतं. तेव्हा युटात असलेल्या गोबेअरला रिंग राखायला आत यावंच लागत होतं, आणि तो आत आला की कोपऱ्यातला टेरन्स मान मोकळा. मानने 39 गुण केले, त्यात 7 तीन गुणांचे, आणि क्लिपर्स 131-119 ने जिंकले.

त्या सामन्यानंतर गोबेअरवर भरपूर टीका झाली. मला ती अन्यायाची वाटते. तो आत का येत होता? कारण पुढचे गार्ड चेंडूवाल्याला अडवू शकत नव्हते. माइक कॉनली पहिले पाच सामने दुखापतीमुळे बाहेर होता, डोनोव्हन मिचेलचा घोटा दुखावलेला होता. क्लिपर्सचे रेजी जॅक्सन आणि पॉल जॉर्ज सरळ रिंगपर्यंत जात होते. तो आत आला नसता तर लेअप पडले असते. व्हिडिओत शेवटी जो उशिरा पोहोचताना दिसतो, चूक त्याचीच असेल असं नाही. तीन सेकंद मागे जाऊन पहिली फट कुठे पडली ते शोधा.

इथे नियमांचाही विचार करा. एनबीएमध्ये 2001-02 पासून झोनला (माणसाऐवजी ठरलेली जागा राखण्याला) परवानगी आहे, पण बचावपटूला कोणालाही न राखता पेंटमध्ये तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. थांबला तर टेक्निकल फाउल आणि एक फ्री थ्रो. फीबात ही मर्यादा नाही. सेंटर पेंटमध्ये हवा तेवढा वेळ उभा राहू शकतो. फीबाची तीन गुणांची रेषाही जवळ आहे, 6.75 मीटर, तर एनबीएची समोरून 7.24 मीटर. धावत जाऊन शॉटला हात लावण्याचं अंतर तेवढं कमी. शिवाय चेंडू एकदा रिंगला लागला की फीबात तो रिंगवरून उडवता येतो, एनबीएत येत नाही. तीनही गोष्टी उंच पण मंद सेंटरच्या पथ्यावर पडतात. एका लीगमधून दुसरीकडे जाणाऱ्या खेळाडूबद्दल अंदाज बांधताना हे विसरलं तर अंदाज सपशेल चुकतो.

पायरी 5: लहान लाइनअपला तो शिक्षा करू शकतो का?

हा प्रश्न आक्रमणाचा वाटतो, पण बचावाचाच आहे. समोरच्यांनी सेंटर काढून पाच शूटर आणले, तर आपला सेंटर मैदानावर राहणार की नाही हे तो दुसऱ्या टोकाला काय करतो यावर ठरतं. लहान माणसाला पाठीवर घेऊन तो दोन गुण हमखास मिळवत असेल, किंवा प्रत्येक चुकलेल्या शॉटवर रिबाउंड ओढत असेल, तर समोरच्यांनाच आपला सेंटर परत आणावा लागतो. योकिचसमोर लहान लाइनअप टिकत नाही, त्यामुळे त्याची मंद पावलं उघडी पाडण्याचा सर्वात सोपा मार्ग बंद होतो. 2021 च्या गोबेअरकडे हे हत्यार नव्हतं.

नुसती आक्रमणाची ताकद मात्र पुरेशी नसते. 2016-17 मध्ये ओक्लाहोमा सिटीचा एनेस कांटर बाकावरून येऊन सुमारे 21 मिनिटांत सरासरी 14.3 गुण करत असे. ह्यूस्टनविरुद्धच्या प्लेऑफमध्ये त्याची मिनिटं कमालीची घटली. जेम्स हार्डन प्रत्येक वेळी त्याला स्क्रीनमध्ये ओढत होता, आणि त्याला ना रिंग राखता येत होती ना बाहेर सरकता येत होतं. पहिल्या दोन्ही कामांत कमी पडणाऱ्याला कोणतीच कव्हरेज वाचवत नाही.

पायरी 6: आकड्यांवर किती विसंबायचं

खेळाडू मैदानावर असताना आणि नसताना संघाने 100 पझेशनमागे (पझेशन म्हणजे एका संघाकडे चेंडू असण्याची एक खेळी) किती गुण दिले, हा फरक सगळे पाहतात. पाहावा, पण घाई करू नये. समजा तो मैदानावर असताना 300 पझेशन झाली आणि त्यात समोरच्यांनी तीन गुणांचे 100 शॉट मारले. त्यांची खरी कुवत 36 टक्के असेल, तर निव्वळ योगायोगाने 31 किंवा 41 पडणं ही अगदी सामान्य गोष्ट आहे. पाच शॉटचा फरक म्हणजे 15 गुण, म्हणजे 100 पझेशनमागे 5 गुण. बचाव अव्वल आहे की तळाचा, हे तेवढ्या फरकात बदलू शकतं. आणि 300 पझेशन म्हणजे एनबीएच्या वेगाने रोज 30 मिनिटं खेळणाऱ्या सेंटरचे जेमतेम पाच सामने.

त्यापेक्षा लवकर भरवशाचे होणारे आकडे म्हणजे शॉट कुठून मारले गेले, रिंगजवळ किती प्रयत्न झाले, फाउल किती दिले, रिबाउंड किती मिळाले. शॉट पडणं बरंचसं मारणाऱ्याच्या हातात असतं, शॉट कुठून मारू द्यायचा हे बचावाच्या हातात जास्त.

आणखी एक काळजी घ्या. त्याच्याऐवजी मैदानावर येणारा कोण आहे? बाकावरचा सेंटर उत्तम रिंगरक्षक असेल तर पहिल्याचा फरक विनाकारण वाईट दिसतो.

पायरी 7: मिनिटं आणि पैसा

शेवटी सगळं एका हिशेबात बसवा. कल्पित उदाहरण घेऊ. एक सेंटर 100 पझेशनमागे आक्रमणात 6 गुणांची भर घालतो आणि बचावात 4 गुणांचं नुकसान करतो. निव्वळ 2 गुण नफा. 32 मिनिटांत सुमारे 67 पझेशन होतात, म्हणजे सामन्यामागे 1.3 गुण. हा खेळाडू नियमित हंगामात नक्कीच हवा. आता प्लेऑफमध्ये समोरचे त्याला मुद्दाम शोधू लागले आणि नुकसान 8 वर गेलं, तर तोच हिशेब उणे 2 होतो. मग त्याला काढायचं? लगेच नाही. समोरचा मुख्य गार्ड बाकावर असतानाच्या मिनिटांत त्याचं नुकसान पुन्हा 4 च्या आसपास येतं. त्याची मिनिटं तिकडे हलवा. सामना संपवणारी लाइनअप वेगळी ठेवा.

सेंटर काढण्याचीही किंमत असते हे मात्र ध्यानात असू द्या. 2013 च्या पूर्व विभागाच्या अंतिम मालिकेतला पहिला सामना पाहा. ओव्हरटाइमच्या शेवटच्या क्षणी इंडियाना एका गुणाने पुढे होतं. मायामीच्या क्रिस बॉशचा बाहेरचा शॉट रोखण्यासाठी इंडियानाचे प्रशिक्षक फ्रँक व्होगेल यांनी हिबर्टला बाकावर बसवलं. मायामीचा लेब्रॉन जेम्स तेव्हा इंडियानात असलेल्या पॉल जॉर्जला चुकवून रिकाम्या रिंगपर्यंत गेला आणि मायामी 103-102 ने जिंकलं.

पैशाचं पाहायचं तर एनबीएमध्ये कमाल पगार खेळाडूच्या अनुभवाच्या वर्षांनुसार संघाच्या पगारमर्यादेच्या 25, 30 किंवा 35 टक्के असतो. सेंटरला यातला मोठा वाटा दिला की त्याची उणीव झाकणारे उरलेल्या पैशांतून आणावे लागतात. म्हणून करार ठरवताना मी विचारतो: याला पूरक माणसं कोणत्या जातीची लागतात, आणि ती बाजारात कितीला मिळतात?

रिंग राखणारा पण मोकळ्या जागेत मंद असा सेंटर मागतो स्क्रीनमधून निघणारे गार्ड आणि लांब हातांचे विंग. ते मिळतात, महाग असले तरी. आक्रमणात तारा पण रिंग न राखणारा सेंटर मागतो शेजारी रिंग राखणारा फॉरवर्ड, जो वर शॉटही मारेल किंवा कट मारून निभावेल. असे खेळाडू मोजकेच, त्यामुळे इथे किंमत खूप वाढते, आणि ती फक्त योकिचच्या दर्जाच्या आक्रमणालाच परवडते. बाहेर सरकणारा पण उंचीला कमी असा बिग मॅन मागतो रिबाउंडमध्ये सगळ्यांचा हात. ते प्रशिक्षणाने बरंचसं साधतं, म्हणून असा खेळाडू अनेकदा स्वस्तात पदरी पडतो. आणि उशिरा वाचणारा मागतो वेळ. तो तरुण असेल तर दोन हंगाम द्या. पहिल्या वर्षी त्याला एकच कव्हरेज शिकवा, तीच खेळवा, आणि पायरी 1 मधली चार गोष्टींची नोंद दर महिन्याला पुन्हा करा. पहिलं पाऊल लवकर पडू लागलंय का, एवढंच त्यात शोधायचं. पडत नसेल तर दुसऱ्या वर्षीच्या कराराची रक्कम बाकावरच्या सेंटरच्या हिशेबाने लावा.